दांडा न्यूट्रलला, पंखा फॉरवर्डला: जुन्या आउटबोर्डचा शिफ्ट रॉड पुन्हा जोडताना

मासेमारी बंदीचे 61 दिवस संपत आले की मालवणजवळच्या आमच्या देवबागला झापाखाली टांगलेली मशीनं, म्हणजे होडीच्या मागे लावायची आउटबोर्ड इंजिनं, खाली निघतात. 1 जून ते 31 जुलै होडी वर ओढलेली असते, म्हणून इंपेलर (मशीन थंड ठेवणारं पाणी ओढणाऱ्या पंपाचं पात्यांचं चक्र) बदलणं, गिअर ऑइल बदलणं ही कामं नारळी पौर्णिमेच्या आधी उरकून घेतात. इंपेलरसाठी लोअर युनिट, म्हणजे पंखा आणि गिअर असलेला पाण्यातला खालचा भाग, उतरवावं लागतं आणि ते उतरवायचं तर शिफ्ट रॉड, म्हणजे वरच्या दांड्याची हालचाल खालच्या गिअरपर्यंत नेणारी सळई, सोडावा लागतो. सोडणं सोपं असतं. पुन्हा जोडताना मी तीन वेळा आपटलोय, तिन्ही वेळा वेगवेगळ्या कारणाने, आणि बाहेरून लक्षण मात्र जवळजवळ एकच दिसलं.

माझं मशीन 25 हॉर्सपॉवरचं, दोन-स्ट्रोक, वयाने माझ्यापेक्षा थोडंच लहान. पहिल्या वेळी कर्ली खाडीत होडी धक्क्याला लावलेली, पुढे हातभर अंतरावर दुसऱ्याची होडी. गिअरचा दांडा न्यूट्रलला. दुसऱ्या ओढीला मशीन लागलं आणि होडी सरळ पुढच्या होडीच्या कुशीत जाऊन धडकली. काका काठावरून ओरडले, "अरे, न्यूट्रलात आसा मा?" दांडा न्यूट्रललाच होता. पंखा मात्र फॉरवर्डला होता. वरच्याचा खालच्याशी काही संबंधच उरला नव्हता.

पुष्कळ मशीनना गिअरमध्ये असताना दोरी ओढली जाऊ नये म्हणून अडकण असते. पण ती अडकण वरच्या दांड्याकडे बघते, खालच्या गिअरकडे नाही. रॉड सुटला की वर न्यूट्रल, खाली फॉरवर्ड, दोरी मोकळी आणि पंखा पहिल्या ठोक्याला फिरायला तयार. तारकर्लीच्या बाजूला पर्यटक कमरेएवढ्या पाण्यात होडीला टेकून उभे असतात, तिथे हे झालं असतं तर काय, हा विचार मला त्या रात्री झोपताना आला. म्हणून रॉडचं काम झाल्यावर पहिली सुरुवात कधीही माणसांत करू नका. आणि पंख्याजवळ हात घालण्याआधी स्पार्क प्लगच्या टोप्या काढून ठेवा, म्हणजे मशीन लागणारच नाही. किल स्विचची, म्हणजे मशीन बंद करणाऱ्या बटणाची, लाल डोरी काढली की झालं असं समजू नका, टोप्याच काढा.

आता दोष रॉडचाच आहे हे आधी ठरवायला हवं, नाहीतर विनाकारण लोअर युनिट खाली येईल.

मशीन गुरगुरतं, आवाज चढतो, पण होडी जागची हलत नाही: हे लक्षण पंख्याचंही असू शकतं. पंख्याच्या मधल्या भागात रबरी बुश असतो. तो सुटला की आतली नळी फिरते आणि पाती मागे राहतात. लहान मशीनला शिअर पिन (जास्त जोर आला की मुद्दाम तुटणारी पिन) असते, ती तुटली तरी हेच. बुश तपासायला मधल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि होडी थोडी चालवून आणा. रेघ तुटून दोन ठिकाणी दिसली तर पंखा दुरुस्तीला न्या, रॉडला हात लावू नका. लांबून केबलने गिअर टाकायचं मशीन असेल तर मशीनच्या टोकाची केबल सोडा आणि तिथला लिव्हर हाताने हलवून बघा. हाताने गिअर नीट पडत असेल तर दोष केबलचा. खाऱ्या हवेत केबल आतून गंजून जाम होणं हे आपल्याकडे रॉड सुटण्यापेक्षाही जास्त होतं.

आणखी एक, ज्यात भलेभले फसतात. मशीन बंद असताना दांडा फॉरवर्डला जात नाही म्हणून रॉड चुकला असं लगेच म्हणू नका. आत दातांसमोर दात आले तर गिअर पडणारच नाही. एकाने पंखा हाताने हळू फिरवायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याने दांडा टाकायचा. मग खट्कन बसतो. जोर लावून दांडा दाबणारे मी पाहिलेत, आणि दांड्याला रॉडशी जोडणारी वाकलेली कडीही पाहिली आहे.

आत काय चालतं ते दोन वाक्यांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वरून येणारा उभा शाफ्ट खाली एका लहान गिअरला फिरवतो आणि तो पुढच्या-मागच्या दोन गिअरना सतत उलटसुलट फिरवत असतो. पंख्याच्या शाफ्टवर या दोघांच्या मध्ये दात असलेला एक सरकता तुकडा असतो, डॉग क्लच. तो पुढच्या गिअरला चिकटला की फॉरवर्ड, मागच्याला चिकटला की रिव्हर्स, मध्ये राहिला की न्यूट्रल. शिफ्ट रॉड काही मिलिमीटर वर किंवा खाली होतो आणि या तुकड्याला सरकवतो. बस, एवढंच. पण काही मिलिमीटरचा खेळ असल्यामुळे जोड थोडा जरी चुकला तरी दात अर्धेच पकडतात. अर्धे पकडलेले दात जोर आला की सुटतात, पुन्हा पकडतात, पुन्हा सुटतात, आणि खट-खट करत त्यांचे कोपरे गोल होतात. एकदा गोल झाले की मग रॉड कितीही नीट जोडा, गिअर टिकत नाही. लोअर युनिट उघडायचाच खर्च.

म्हणूनच फॉरवर्ड टाकताना दांडा हळूहळू, घाबरत नेऊ नये. मशीन सावकाश चालू असताना एका झटक्यात टाकावा. हळू टाकण्याने दात घासतात, सांभाळले जात नाहीत.

आता जोड. जुन्या मशीनमध्ये मला तीन प्रकारचे जोड बघायला मिळालेत आणि आपल्या मशीनला कुठला आहे हे माहीत नसताना पाना लावू नये.

एक, लांब नटाचा. वरचा आणि खालचा, दोन्ही रॉडच्या टोकांना आटे, मध्ये लांब नट आणि त्याला आवळणारा लॉक नट. लोअर युनिट आणि वरची नळी जिथे मिळतात तिथेच, पुढच्या बाजूला हा दिसतो. दोन, खाचांचा, ज्याला स्प्लाइन म्हणतात. यात बोल्ट नाहीच. खालचा रॉड वरच्या तोंडात दाते जुळवून नुसता शिरतो आणि रॉड वर-खाली न होता गोल फिरतो. तीन, बोल्टचा. कपलिंगमध्ये, म्हणजे दोन रॉड जोडणाऱ्या तुकड्यात, रॉड शिरतो आणि आडवा बोल्ट त्याला धरून ठेवतो. माझा हा तिसरा. मशीनच्या नळीला बाजूला एक छोटी खिडकी आहे, तिच्यावर झाकण, आणि आत दिवा मारून बघितलं की बोल्टचं डोकं दिसतं. कुठल्या मशीनला फॉरवर्ड म्हणजे रॉड वर आणि कुठल्याला खाली, हे बदलतं. दुसऱ्याच्या मशीनवरून आपल्या मशीनचा अंदाज बांधू नका.

पहिल्या वेळी मी होडीवर आदळलो ते या बोल्टमुळे. गंमत अशी की बोल्ट मी लावला होता, पूर्ण आवळला होता. कोणी विचारलं असतं तर छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. खिडकीतून आत बघितलं तरी बोल्ट जागेवर. मग मालवणहून एक म्हातारे मिस्त्री आले, त्यांनी बोटाने रॉड खाली ओढला, तो इंचभर सरळ खाली आला आणि बोल्ट तिथेच. ते म्हणाले, "बोल्ट लागलो म्हणजे रॉड पकडलो, असा नाय."

खालच्या रॉडच्या टोकाजवळ एका बाजूला अर्धगोल खाच असते. बोल्ट रॉडच्या आरपार जात नाही, त्या खाचेतून आडवा जातो आणि रॉडला अडकवतो. रॉड पुरेसा वर चढला नसेल तर खाच बोल्टच्या भोकासमोर येतच नाही. मग बोल्ट रॉडच्या टोकावरून निघून जातो. आटे त्याला कपलिंगमध्येच मिळतात, म्हणून तो आवळलाही जातो आणि हाताला अगदी बरोबर लागल्यासारखा वाटतो. कपलिंग रॉडला नुसतं चेपून धरतं. काठावर दोन-चार वेळा गिअर टाकला तर पडतोसुद्धा! पाण्यात तासभर थरथर झाली की रॉड सटकतो आणि जो गिअर शेवटी पडला असेल त्यातच राहतो.

यावर उपाय साधा आहे. बोल्ट घालण्याआधी त्याच भोकातून बारीक स्क्रू ड्रायव्हर किंवा सायकलचा आरा आरपार घालून बघा. खाच समोर असेल तर तो पलीकडे मोकळा निघतो. अडला तर रॉड वर-खाली आणि थोडा गोल फिरवून खाच शोधा. खाच मिळाली की आरा बाहेर काढत काढत दुसऱ्या बाजूने बोल्ट आत घाला. आवळल्यावर लांब तोंडाच्या पक्कडीने रॉड धरून खाली ओढा, मनापासून ओढा. केसभरही हलता कामा नये. हे ओढून बघणं मी आता दरवेळी करतो आणि दुसऱ्याच्या मशीनवर करतो तेव्हा मालकाला करायला लावतो.

रॉड गोल फिरवण्याबद्दल मात्र एक सावधगिरी. काही मोठ्या मशीनमध्ये खालचा रॉड गिअरबॉक्सच्या आत आट्यांवर बसवलेला असतो. तो फिरवला की त्याची उंची बदलते, आणि जास्त फिरवला तर आतून सुटूनच येतो. मग गिअरबॉक्स उघडल्याशिवाय पुन्हा बसत नाही. म्हणून लोअर युनिट हातात आल्या आल्या, काही करण्याआधी, युनिटच्या वरच्या पृष्ठापासून रॉडच्या टोकापर्यंतची उंची पट्टीने मोजा आणि झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वर्षीही उपयोगी पडते.

आता लोअर युनिट चढवण्याची रीत, मी करतो तशी. उतरवण्याआधी दांडा कुठल्या गिअरला होता ते लक्षात ठेवायचं असतं हे सगळे सांगतात, पण पावसात महिनाभर मध्ये गेल्यावर कोणाला आठवतं? त्यामुळे मी खालीच परीक्षा घेतो. युनिट फळीवर उभं धरून उभा शाफ्ट वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. उलट कधीच नाही, नवीन इंपेलरची पाती उलटी दुमडतात. रॉड न्यूट्रलला असेल तर पंख्याचा शाफ्ट उभा राहतो, फार तर आळसटल्यासारखा थोडा सरकतो. फॉरवर्डला असेल तर मागून बघताना तोही घड्याळाप्रमाणे फिरतो, रिव्हर्सला असेल तर उलट. हे नेहमीच्या उजव्या फिरतीच्या पंख्याचं. तीनही जागा रॉडवर मार्करने खुणा करून घ्या. मग खालचा रॉड आणि वरचा दांडा, दोघांना एकाच गिअरमध्ये आणा. बोल्टाच्या आणि नटाच्या जोडाला मी न्यूट्रल धरतो. स्प्लाइनच्या बऱ्याच मशीनमध्ये उतरवताना आणि चढवताना फॉरवर्ड धरतात. त्या मशीनचं पुस्तक मिळालं तर तेच खरं.

चढवताना एकाच वेळी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: उभ्या शाफ्टचे दाते, पाण्याची तांब्याची नळी आणि शिफ्ट रॉड. दोन माणसं हवीतच. शाफ्टच्या दात्यांना बाजूंनी ग्रीस लावा, टोकावर गोळा ठेवू नका. वरच्या खोबणीत ग्रीस अडकलं की शाफ्ट पूर्ण आत जात नाही. दाते अडले तर वरून फ्लायव्हील, म्हणजे मशीनच्या डोक्यावरचं जड चाक, थोडं घड्याळाप्रमाणे फिरवा. पाण्याची नळी पंपाच्या रबरात शिरली का ते नुसतं अंदाजाने नको, बोट घालून बघा. ती बाहेर राहिली तर मशीन थंड करणाऱ्या पाण्याची धार येणार नाही आणि पहिल्याच फेरीत मशीन तापेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं: फट राहिली असताना बोल्ट आवळून युनिट वर ओढू नका. काहीतरी अडलंय म्हणून फट आहे. आवळल्यावर पंपाचं घर फुटतं किंवा रॉड वाकतो. युनिट हाताने पृष्ठाला पृष्ठ लागेपर्यंत जायलाच हवं, बोल्ट फक्त धरून ठेवण्यासाठी. बोल्टांना ग्रीस लावून घाला. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये कोरडा बसवला आणि वर्षभर खारं पाणी प्यायला की पुढच्या वर्षी डोकंच तुटून हातात येतं.

मग प्लग काढून ठेवून पुन्हा तीच परीक्षा. एकाने फ्लायव्हील घड्याळाप्रमाणे फिरवायचं, दुसऱ्याने पंख्याकडे बघायचं, दांडा तिन्ही जागी नेऊन. फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही पडले आणि न्यूट्रलला पंखा मोकळा, तरच प्लग परत लावा.

फॉरवर्ड नीट पडतो, रिव्हर्स मिळतच नाही: हे स्प्लाइनच्या जोडात एक दाता मागेपुढे बसल्याचं लक्षण. युनिट पुन्हा इंचभर उतरवून दाता बदलायचा, दुसरा इलाज नाही. लांब नटाच्या जोडात हेच झालं तर नट फिरवून उंची सारखी करता येते. न्यूट्रलपासून दोन्हीकडे दांड्याची चाल सारखी वाटली पाहिजे. अर्धा फेरा फिरवा, बघा, पुन्हा अर्धा. घाई नको.

या नटाची गोष्ट म्हणजे माझा तिसरा घोळ, मेव्हण्याच्या 15 हॉर्सपॉवरच्या मशीनवर. आम्ही उंची सुंदर जुळवली, दोन्ही गिअर लोण्यासारखे पडले आणि त्या आनंदात लॉक नट आवळायचाच राहिला. पंधरा दिवसांत नट थरथरीने फिरत फिरत उतरला आणि फॉरवर्ड जोर आला की सुटायला लागला. नशीब की दात फार गोल झाले नव्हते. नट बसवताना दोन्ही रॉडचे आटे त्यात पुरेसे शिरलेत ना, तेही बघा. निदान रॉडच्या जाडीइतके तरी शिरायला हवेत, म्हणजे 6 मिलिमीटरचा रॉड असेल तर प्रत्येक बाजूने निदान 6 मिलिमीटर. एका बाजूला भरपूर आणि दुसऱ्या बाजूला दोन आटे असा जोड दिसायला चांगला दिसतो, टिकत नाही. शेवटी नटावर आणि रॉडवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी एका नजरेत कळतं फिरलाय की नाही. घरातून नेलपॉलिश मागताना काय ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही.

मधला, दुसरा घोळ खालचा नव्हताच. वर, कार्ब्युरेटरच्या खाली, दांड्यापासून रॉडपर्यंत एक कडी असते. तिच्या प्लास्टिकच्या बुशला अंडाकार भोक पडलेलं आणि स्प्लिट पिनच्या जागी कोणीतरी, म्हणजे मीच, बांधकामाची बाइंडिंग तार पिळून ठेवलेली. ती गंजून तुटली. दांडा हलायचा पण निम्मी चाल बुशच्या ढिलेपणातच जायची. म्हणून लोअर युनिटचे बोल्ट सोडण्याआधी वरचं झाकण काढून एकाला दांडा हलवायला सांगा आणि कडीकडे बघत बसा. दांडा हलतो तेव्हाच कडी हलली पाहिजे, नंतर नव्हे. बुश किरकोळ किमतीचा असतो. पिन आणि बोल्ट 316 स्टेनलेसचे घ्या. 304 पेक्षा महाग पडतात, पण 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यात फरक त्याचाच.

पाण्यात असताना रॉड सुटला तर आधी नांगर टाका, मग झाकण काढा. मला हे देवबागच्या संगमाजवळ, सुकती (ओहोटी) चालू असताना करावं लागलंय. खाडीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं आणि समोर वाळूवर लाटा फुटत होत्या. खिडकीचं झाकण काढून, मशीन बंद ठेवून, टोप्या काढून, पक्कडीने रॉड फॉरवर्डच्या खुणेवर नेला. पंखा हाताने हलवून गिअर पडल्याची खात्री केली. टोप्या परत लावल्या, नांगर उचलला आणि वरचा दांडा न्यूट्रललाच ठेवून दोरी ओढली. अशा वेळी मशीन लागताक्षणी होडी सुटते, म्हणून सगळ्यांना खाली बसवायचं, पाण्यात कोणी नाही ना ते बघायचं, एक्सिलरेटर कमीत कमी ठेवायचा आणि लाल डोरी मनगटात. न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही. थांबायचं म्हणजे मशीन बंद करायचं. धक्क्याच्या बऱ्याच अलीकडे बंद केलं आणि उरलेलं वल्ह्याने आलो. काकांनी दोरी धरली आणि पहिलं विचारलं ते खिडकीच्या झाकणाचं. ते मी खाडीत पाडलं होतं.